अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

"आधी हात धुवा," मी म्हणाले.

"धुतल्यात."

"साबणानं?"

"साबणानंच."

"मग परत धुवा. आत्ता दाराची कडी धरली न्हवं तुमी."

आत्यांनी कडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि जागच्या हलल्या नाहीत. सकाळचे सहा वाजून गेले होते. माझ्या खांद्यावरून त्या आत कॉटवर बसलेल्या आपल्या मुलाकडं बघत होत्या. बाजारात म्हैस बघतात तसं, पायापासून डोक्यापर्यंत.

"त्येला ताप आलाय," त्या म्हणाल्या.

"तितनं दिसला व्हय ताप?"

"दिसला."

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्याच म्हणतात. कॉटवर बसलेला तो माझा नवरा, केरबा. तोंडावर मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, पण इथं सारखं 'हे' आणि 'ह्यांना' लिहीत बसले तर वाचणारा वैतागेल, म्हणून घेते. त्या सकाळी केरबाच्या पोटात आत्यांची किडनी होती. ती बसवून सत्तर दिवस झाले होते.

किडनी मीही देणार होते, हे आधी सांगते, कारण नंतर गावात कुणी ते सांगितलं नाही. केरबाच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा रक्त तपासायला पहिली बाही मी वर केली. माझं जुळलं नाही. आत्यांचं जुळलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, माझा सख्खा भाऊ शेजारी उभा असताना आत्या म्हणाल्या, "बायकूचं कसं जुळंल? परकंच ते रगात." भाऊ मान खाली घालून चहा आणायला निघून गेला. मी ते बोलणं गिळलं, पण पचवलं नाही.

मी अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं, उंची, डोस, खिचडीचे किलो, सगळं रकान्यात भरणं हे माझं रोजचं काम. रजिस्टर पूर्ण असलं की काम पूर्ण, अशी आमची समजूत. त्यामुळं डिस्चार्जच्या दिवशी नर्सनं जेव्हा सांगितलं की रोज दोनदा ताप मोजून वहीत लिहायचा, तेव्हा मला माझी जागा सापडली. नर्स चांगली समजावून सांगत होती. ह्यांच्या रोजच्या गोळ्या अंगातली झुंजायची ताकद मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नवी किडनी परकी म्हणून नाकारतं. म्हणून तुमचा-आमचा साधा ताप ह्यांना साधा नसतो. शंभरला पारा टेकला की लगेच फोन करायचा. आणि ताप उतरवायची गोळी आपल्या मनानं अजिबात द्यायची नाही, त्यानं ताप लपतो, आजार वाढतच राहतो. मी हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

किडनी त्यांची होती, तर ताप माझा होता.

घरी आल्यावर मी कायदा लावला. केरबाच्या खोलीत येताना साबणानं हात धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं, शेजारपाजाऱ्यांनी खिडकीतून बोलायचं. हे डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं, माझ्या मनाचं काही नव्हतं. पण खरं सांगते, कायदा सगळ्यांना होता आणि तपासणी फक्त आत्यांची होती. त्यांनी पोटातला तुकडा काढून दिला होता, टाके पुरते सुकायच्या आत गोठ्यात उभ्या राहिल्या होत्या, आणि मी त्यांना नखं दाखवा म्हणायची.

आत्यांची ताप बघायची तऱ्हा निराळी. माझे सासरे गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो. सासरे अचानक गेले तेव्हा केरबा चौदा वर्षांचा होता आणि हंगाम ऐन भरात होता. आत्या काष्टा खोचून काहिलीपाशी उभ्या राहिल्या. बाई गुळव्या म्हणून आधी लोक हसले, आणि त्यांचा गूळ बाजारात गेल्यावर हसायचे थांबले. त्यांना बुडबुड्यावरून कळायचं, वासावरून कळायचं. थंड पाण्यात बोटं बुडवून त्या ती उकळत्या पाकात घालायच्या आणि झटक्यात परत पाण्यात. केरबाला ते काम त्यांनीच शिकवलं.

"असल्या राठ हाताला ताप कळतोय व्हय?" मी एकदा विचारलं होतं.

"काईल कळती. लेकराचं कपाळ कळंना व्हय?"

त्या सकाळच्या पंधरा दिवस आधी त्यांना असंच कळलं होतं. मी अंगणवाडीत असताना त्यांनी केरबाच्या कपाळाला हात लावला, ताप आहे म्हणून गल्ली गोळा केली आणि गाडी करून त्याला हॉस्पिटलात नेलं. तिथं पारा नव्व्याण्णव. रक्त तपासलं, लघवी तपासली, काही निघालं नाही. डॉक्टर शिरगुप्पेबाई म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत." पण त्यांच्या शेजारचा शिकाऊ डॉक्टर गालातल्या गालात हसला आणि मला तेवढंच दिसलं. घरी आल्यावर मी आत्यांना सांगितलं, ह्यापुढं केरबाच्या कपाळाला हात लावायचा नाही, ताप बघायचा तो थर्मामीटर बघेल. आत्या म्हणाल्या, "बरं." आणि खरंच त्यांनी लावला नव्हता. दिला शब्द पाळायचा तो पाळायचाच, हा त्यांचा मोठा दुर्गुण होता. त्यामुळं मला कधी त्यांच्यावर चिडायला नीट कारण मिळायचं नाही.

तर त्या सकाळी त्या उंबऱ्याबाहेरून सांगत होत्या.

"डोळं बघ त्येचं. आन् खांदं बघ, कसं वर वढून बसलाय. हुडहुडी भरलीया त्येला."

"काय न्हाई भरली," केरबा म्हणाला. "तू जा, आये. च्या घे जा."

"तू गप. तुला इचारलं न्हाई."

केरबाला घाई होती. दिवाळी होऊन गेली होती आणि त्या दिवशी गुऱ्हाळाचा मुहूर्त होता. पहिल्या काहिलीची पूजा गुळव्यानं करायची आणि पहिला गूळ त्यानंच उतरवायचा, ही आमच्याकडची रीत. पहिल्या काहिलीला जो उभा राहील तोच हंगामभर गुळव्या, मग मधे बदल नाही. डॉक्टरांनी धुरा-धुळीत जायला बंदी घातली होती. केरबानं दोन दिवस माझी पाठ पुरवली. तोंडाला फडकं बांधतो, नारळ फोडतो, जाळापासून लांब उभा राहतो, उतरवताना नुसतं 'हं' म्हणतो आणि तासाभरात परत येतो. एवढ्यानं जागा राहील, पुढचं बरा झाल्यावर बघू. मी एका अटीवर हो म्हटलं होतं. सकाळचा ताप नॉर्मल पाहिजे.

"एवढं हाय तर सातच्या ठोक्याला मोजू की," मी म्हणाले.

सात वाजेपर्यंत आत्या उंबऱ्यापासून हलल्या नाहीत. मग मी थर्मामीटर झटकला, पुसला आणि केरबाच्या जिभेखाली दिला. तीन मिनिटं घड्याळाकडं बघत उभी राहिले. आत्या बाहेर, मी आत, मधे केरबा तोंड मिटून. तिघंही एका काचेच्या काडीची वाट बघत होतो.

अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

खिडकीच्या उजेडात मी तो दोनदा वाचला. मग नेऊन आत्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांना आकडे वाचता येत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणूनच धरला.

"बघा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"म्हणून सांगतो. ताप न्हाई." आमच्याकडच्या बायका येते-सांगते म्हणत नाहीत, येतो-सांगतो म्हणतात.

"काच काय सांगती ती सांगू दे," आत्या म्हणाल्या. "मला एकदा हात लावू दे. एकदाच. धुऊन येतो."

त्या मोरीकडं गेल्या. आतून मला ऐकू येत होतं. बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज, साबण खाली पडल्याचा, परत तांब्याचा. हात कोपरापर्यंत धुऊन, ते पुढं धरून, पाणी गळत त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. कुठं टेकू नयेत म्हणून कडीपासून चांगल्या वीतभर लांब. आता काढायला काही उरलं नव्हतं. तरी मी शोधलं.

"लुगडं शेणाचं हाय."

आत्यांनी लुगड्याकडं पाहिलं. ओले हात तसेच पुढं धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग लुगड्याला न पुसताच वळल्या आणि अंगणात गेल्या. मला बरं वाटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

मी वहीत लिहिलं. तारीख, वेळ सात, ९८.४. अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं.

केरबानं ठेवणीतला पांढरा सदरा काढला. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. मी कपाटावरचा माझा सुईदोऱ्याचा डबा उघडला, सेफ्टी पिन काढली, डबा बंद करून जागच्या जागी ठेवला आणि त्याच्या गळ्याशी पिन लावली. अंगणात आत्या खराट्यानं झाडत होत्या.

"फडकं सोडू नका तोंडाचं," मी सांगितलं. "आन् तासाभरात या."

"येतो," केरबा म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता.

नऊ वाजता शेजारचा बंडा त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. मी अंगणवाडीत गेले. दहा वाजले, अकरा वाजले. तासाचे दोन तास झाले म्हणून मी मनातल्या मनात केरबाला शिव्या घालत पोरांना खिचडी वाढली. मला वाटत होतं, आत्या घरी असतील. त्या अकरालाच घराला कडी घालून गुऱ्हाळाकडं चालत निघाल्या होत्या. मला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं माझ्याशी त्यांचं नातंही मी ठेवलं नव्हतं.

एक वाजता बंडा अंगणवाडीच्या दारात आला. त्याचा चेहरा बघून मी हातातली पळी खाली ठेवली.

"वैनी, केरबादाला हॉस्पिटलात न्हेलंय. आज्जीनं न्हेलं."

"काय झालं?"

"काईलीम्होरं बसून कापत हुता. एवढ्या जाळाम्होरं, घोंगडं पांघरून. कुणाला कायबी सांगत न्हवता. आज्जी आली, कपाळाला हात लावला आन् मालकाला म्हणाली, जीप काढ."

"हात लावला?" मी विचारलं.

बंडा माझ्याकडं बघतच राहिला. "व्हय," तो म्हणाला. "तुमास्नी निरोप हाय तिचा. वही घिऊन ये म्हणाली."

मोटारसायकलवर पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी देवाचं नाव घेतलं असं सांगायला आवडलं असतं. पण मी वाक्यं जुळवत होते. जाळापुढं कुणी बसू दिलं, तुम्ही तिथं असून काय केलं, सकाळी तर नॉर्मल होता. वही पिशवीत होती आणि पिशवी मी छातीशी धरली होती.

हॉस्पिटलात केरबा ढकलगाडीवर होता. ताप एकशेतीन, बीपी खाली गेलेलं, ओठ पांढरे. तो माझ्याकडं बघून "उतरवा, उतरवा" म्हणत होता. त्याला समोर मी नाही, काहील दिसत होती. आत्या भिंतीला लागून उभ्या होत्या. पायाला गुऱ्हाळाची राख. एक नर्स त्यांना म्हणत होती, "आजी, तुम्ही लांब थांबा, हात लावू नका." आत्या लांब थांबल्या होत्या.

शिरगुप्पेबाई आल्या.

"ताप कधीपासून?"

"आजच. दुपारपासनं," मी म्हणाले.

"सकाळी मोजला होता?"

मी वही उघडून दिली. त्यांनी रकान्यावरून बोट फिरवलं. "सात वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. छान. वही अगदी नीट ठेवलीय तुम्ही."

ह्या एका वाक्याची मी घरी आल्यापासून वाट बघत होते.

"सकाळी सा वाजताच हुता ताप," भिंतीकडून आत्या म्हणाल्या.

"सहाला कसा असेल, आजी? सातला नॉर्मल लिहिलाय."

"मी बघितला."

"हात लावून?"

आत्या थांबल्या. "न्हाई. नुसतं बघून."

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांचे डोळे वहीकडं वळले. कुणाचेही वळले असते. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, घाई आहे म्हणून सरळ विचारते. अँटिबायोटिक मी सुरू केलंय. प्रश्न त्यांच्या रोजच्या गोळ्यांचा आहे. पहाटेपासून ताप अंगात असेल तर जंतूंना रक्तात पसरायला भरपूर वेळ मिळालाय. मग मला त्या गोळ्या आत्ताच्या आत्ता थांबवाव्या लागतील, म्हणजे अंगातली ताकद परत उठेल. पण ताप दुपारीच चढला असेल तर मी त्या थांबवणार नाही, तासाभरानं रिपोर्ट बघून ठरवीन. उगाच थांबवल्या तर शरीर किडनी नाकारेल, आणि ह्या आजींकडं तिसरी किडनी नाही. सकाळी नक्की ताप नव्हता? तापाची, अंगदुखीची कसली गोळी दिली होती?"

"न्हाई," मी म्हणाले.

ते 'न्हाई' इतक्या पटकन आलं की मलाच त्याचा आवाज परका वाटला.

आता त्या डब्याचं सांगते. सुईदोऱ्याच्या त्या डब्यात मी माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या ठेवायची, त्याच त्या, ताप उतरवणाऱ्या. आदल्या संध्याकाळी एक घेतली होती, पाकिटात सहा राहिल्या होत्या. सकाळी सेफ्टी पिन काढायला डबा उघडला तर चार होत्या. दोन घरं फोडलेली. मला सगळं तिथंच कळलं. पहाटे अंगात ताप भरला तेव्हा केरबा मुकाट्यानं उठला होता, मुहूर्त चुकू नये म्हणून दोन गोळ्या गिळल्या होत्या, आणि माझी अट पार केली होती. आत्यांनी सहाला पाहिला तो ताप खरा होता. मी सातला लिहिला तो आकडाही खरा होता, आणि तो फुकट होता.

अंगणात खराटा चालू होता. मी नुसतं "आत्या" अशी हाक मारायची होती. पण त्या हाकेचा अर्थ असा झाला असता की उंबऱ्याबाहेरून त्या बाईला जे दिसलं ते मला हातभर अंतरावरून दिसलं नाही. परकं रगात. मी स्वतःला सांगितलं, तासाभरात येणारच आहे, आल्यावर परत मोजू, मग फोन करू. आणि पिन घेऊन डबा बंद केला. त्या पिनेनं सदऱ्याचा गळा नीट बसला होता. ढकलगाडीवर ती अजून तशीच होती.

डॉक्टर वही मिटत होत्या. आत्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांना डब्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. डिस्चार्जपासून ज्या बाईनं त्यांना दारात उभं केलं तिच्याशिवाय त्यांच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. आणि त्यांच्या पोटातला तुकडा चार हातांवर, माझ्या एका शब्दाची वाट बघत पडला होता.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आत्या बरोबर सांगत्यात. वही खोटी हाय."

"म्हणजे?"

"पहाटे ताप हुता. ह्यांनी गोळ्या घेतल्या. दोन. म्हणून सातला उतरला."

"कधी घेतल्या?"

"पाचच्या आसपास असंल. मी निजलो हुतो."

"मग तुम्हाला कधी कळलं?"

"आठ वाजता."

शिरगुप्पेबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडं बघू नये. मग त्या वळल्या आणि भराभरा सांगू लागल्या. नर्स पळाली, ढकलगाडी हलली, काचेचं दार उघडलं आणि मिटलं. वही बाकावर तशीच राहिली.

मला वाटलं, आत्या आता कानाखाली देतील. मी गाल तयार ठेवला होता. त्या जवळ आल्या.

"कवा कळलं म्हणालीस?"

"पिन लावताना."

"पिन लावताना," त्या म्हणाल्या. "मी झाडत हुतो तवा."

"व्हय."

त्या परत भिंतीशी गेल्या आणि खाली बसल्या. मला मार हवा होता आणि तो त्यांनी दिला नाही. पुढंही कधी दिला नाही.

केरबा वाचला, हे सांगून टाकते. लघवीतून चढलेले जंतू किडनीपर्यंत आणि तिथून रक्तात गेले होते. त्याच्या रोजच्या गोळ्या त्याच मिनिटाला थांबवल्या गेल्या आणि नंतर हळूहळू परत सुरू झाल्या. किडनीही राहिली आणि पुढं अकरा वर्षं चालली. गुळव्याची जागा गेली ती गेलीच. शुद्धीवर आल्यावर गोळ्यांबद्दल मी त्याला विचारलं तर म्हणाला, "तू जाऊ दिली नसतीस." हे खरं होतं.

पण मला सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत होते. आत्यांनी दाराशी प्लॅस्टिकचं स्टूल टाकलं होतं आणि चार दिवस त्या तिथून उठल्या नव्हत्या. वॉचमनसुद्धा त्यांना विचारून दार उघडायचा. मी तीन दिवस जिन्यात बसून काढले. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "किडनी पुन्हा काम करायला लागलीय, जा, बघून या." मी दाराशी गेले.

"हात धुतलंस?" आत्यांनी विचारलं.

"धुतलो."

"साबणानं?"

"साबणानं."

"दार धरून आलीस."

मी परत गेले. बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. येताना दार पाठीनं ढकललं आणि ओले हात पुढं धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. पदराला पुसायची हिंमत झाली नाही. आत्या माझ्या साडीकडं बघत होत्या. चार दिवसांची चुरगळलेली साडी, पदरावर अंगणवाडीतल्या खिचडीचा डाग वाळलेला. मी वाट बघत होते. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते मीच त्यांना शिकवलं होतं. पाणी कोपरावरून गळत राहिलं.

ते वाक्य त्या बोलल्या नाहीत. स्टूल जरा सरकवलं, एक माणूस आडवं होऊन जाईल एवढंच.

केरबा झोपला होता. थर्मामीटर माझ्या पिशवीत होता, पिशवी बाहेर. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कोमट लागलं. माझा हात पाण्यानं गार पडला होता म्हणून कोमट लागलं, की खरंच ताप होता, ते मला समजेना.

"किती हाय?" मागून आत्यांचा आवाज आला.

"कळत न्हाई."

त्या आत आल्या. एकालाच परवानगी होती, पण त्यांना कोण अडवणार. त्यांनी मनगट धरून माझा हात कपाळावरून काढला आणि आपला ठेवला. बराच वेळ ठेवला. डोळे मिटून नाही, उघडे, माझ्यावर.

"उतरलाय," त्या म्हणाल्या. "लिव आता तुझ्या वहीत."

थोड्या वेळानं नर्स आली, तिनं मोजला आणि आकडा सांगितला. मी तो ऐकला. पण त्या दिवसाच्या रकान्यात आकडा नाही. 'उतरला' एवढंच लिहिलंय, आणि अक्षर चांगलं आलेलं नाही.